निपाणीच्या फियाटचा सोलेक्स: बारा हजार रुपये कुठे गेले

एका जुन्या फियाटचा मूळ कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारी डबी, पुन्हा कामाचा करायला 12,050 रुपये लागले. त्याआधी तोच कार्ब्युरेटर दुरुस्त करण्यात आणि शेवटी बदलण्यात 9,200 रुपये जाऊन चुकले होते. गाडी निपाणीची, काम झालं बेळगावात. कागद माझ्याकडे आले कारण तिथल्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या मशीन शॉपमध्ये जॉबचं कॉस्टिंग काढणं हे माझं रोजचं काम. गाडीच्या मालकांचा प्रश्न साधा होता, "एवढ्याशा डबीला बारा हजार कसे रे?" त्याचं उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आलं की पैसे ज्यावर गेले असं सगळ्यांना वाटतं, त्यावर ते फारसे गेलेलेच नाहीत.

गाडी 1971ची फियाट 1100 डिलाईट. मालकांना सगळे नाना म्हणतात. वडिलांचा तंबाखूचा व्यापार होता, त्यांनी ती नवी कोरी घेतली. राज्याचं नाव कर्नाटक झालं ते 1 नोव्हेंबर 1973 रोजी, म्हणून गाडीचा नंबर अजून म्हैसूर राज्याचा, ‘एमवाय’ने सुरू होणारा. हेच मॉडेल पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी म्हणून विकलं गेलं. बनवायची प्रीमियर ऑटोमोबाईल्स, कुर्ल्याच्या कारखान्यात. इंजिन 1089 सीसी, चार सिलिंडर. त्याच्यावर बसलेला कार्ब्युरेटर सोलेक्स 32 पीबीआयसी, मद्रासच्या कार्ब्युरेटर्स लिमिटेडने परवान्यावर बनवलेला. 32 म्हणजे घशाचा व्यास, मिलीमीटरमध्ये. या घराण्यातले सोलेक्स त्या काळच्या बऱ्याच गाड्यांवर होते, त्यामुळे याचं दुरुस्तीचं किट आजही दुकानात मिळतं. नानांचे पहिले पैसे या सोयीनेच खाल्ले.

आधीचे 9,200

तक्रार अशी होती. गाडी सकाळी चोक ओढून चालू व्हायची, पण गरम झाली की स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर, उभी राहायची नाही, बंद पडायची. सिग्नलला ॲक्सिलरेटरवर पाय ठेवूनच थांबायचं. निपाणीहून बेळगावकडे निघालं की लगेच तवंदी घाट लागतो, तिथे ती जड व्हायची; दुरुस्तीच्या दुसऱ्या खेपेनंतर तर मागून काळा धूरही. लिटरला नऊ किलोमीटर. याच गाडीने बारा-तेरा दिल्याचं नानांना नीट आठवतं, कारण वडील डॅशबोर्डच्या कप्प्यात वही ठेवायचे.

निपाणीतल्या गॅरेजवाल्याने कार्ब्युरेटर उघडला, पेट्रोलने धुतला, किट घातलं. किट 700, मजुरी 800. महिनाभर बरं वाटलं. मग पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला आणखी एक किट 700 आणि मजुरी 1,000, कारण या वेळी "जेट जरा मोकळे केले" (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी टोपी). प्लग काळे पडत होते म्हणून प्लगचे दोन संच, 1,200. एवढं करून भागेना तेव्हा कोणीतरी सांगितलं की मूळ कार्ब्युरेटर सोडा, डुप्लिकेट घ्या. दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून कुरिअरने आला, 4,800 रुपये. चकचकीत होता. गाडी स्लोवर उभी राहू लागली, पण पिकअप गेला, आणि चोकची केबल त्याच्या लिव्हरला नीट बसेना म्हणून तारेने बांधली. त्याच्या आतले जेट या इंजिनाच्या हिशेबाने निवडलेले असतील असं मानायला काही आधार नव्हता. बाहेरून आकार तोच, एवढंच.

नानांनी तो काढून ठेवला. मूळ कार्ब्युरेटर पिशवीत घालून ते बेळगावला आले. "किट नवं घातलंय, प्लग नवे घातलेत, खरं गाडी उभी राहत नाही. आता तूच सांग काय करायचं."

रोग कुठे होता

मी त्यांना चाचांकडे नेलं. चाचांचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पण कॅम्पातल्या लष्करी डिस्पोजलच्या जीपपासून हेराल्ड मोटारीपर्यंत सगळं त्यांच्या हातून गेलेलं. त्यांनी पिशवीतला कार्ब्युरेटर उघडलाच नाही. परत गाडीवर चढवायला लावला, इंजिन गरम केलं, आणि थ्रॉटलचा दांडा बॉडीतून जिथे बाहेर येतो तिथे कार्ब्युरेटर क्लीनरचा बारीक फवारा मारला. धडपडणारं इंजिन क्षणभर सुरळीत झालं आणि आवाज चढला. केबलच्या बाजूला मारलं तर जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. "वारा ओढूलालंय की हे," चाचा म्हणाले, आणि हात पुसायला गेले. निदान झालं होतं.

हा दांडा थोडा समजून घ्यायला हवा, सगळा खर्च त्याच्याभोवती फिरतो. ॲक्सिलरेटर दाबला की कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेली पितळी चकती फिरते. ती ज्या दांड्यावर बसते तो आठेक मिलीमीटर जाडीचा. तो फिरतो थेट बॉडीच्या भोकात, मध्ये बुश, म्हणजे झीज सोसणारी धातूची नळी, नाही. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, डायकास्ट केलेली, मऊ. परत खेचणारी स्प्रिंग आणि केबल दोन्ही एकाच बाजूला ओढतात, तेही पन्नास वर्षं. भोक गोल राहत नाही, अंड्यासारखं होतं. आमच्या शॉपमध्ये डायल गेज लावला तर केबलच्या बाजूला दांडा पाव मिलीमीटर हलत होता.

पाव मिलीमीटर ऐकायला काहीच नाही. हिशेब करू. आठ मिलीमीटरच्या दांड्याभोवती एवढी मोकळीक म्हणजे साधारण तीन चौरस मिलीमीटरची फट. झीज एकाच बाजूची म्हणून निम्मी धरली तरी दीड. स्लोवर पेट्रोल ज्या पायलट जेटमधून येतं त्याचं भोक असतं अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे 0.2 चौरस मिलीमीटर. एक हवेची वाट, एक पेट्रोलची, सरळ तुलना होत नाही. तरी कुठल्या आकड्यांशी गाठ आहे ते कळतं. स्लोवर चकती जवळपास बंद असते, तिच्याखाली इंजिनाची ओढ सगळ्यात जास्त, आणि ही फट नेमकी त्या ओढीच्या तोंडी. न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन बंद पडतं.

आता गॅरेजवाल्याने काय केलं ते पाहा. मिश्रण पातळ आहे हे त्याने बरोबर ओळखलं. उपाय म्हणून पेट्रोल वाढवलं. जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलीमीटरच्या शंभराव्या भागात. नानांच्या मेन जेटवर, म्हणजे गाडी धावताना पेट्रोल देणाऱ्या जेटवर, 120 कोरलेलं होतं, म्हणजे 1.20. आम्ही पिन गेज घालून पाहिलं तर 1.40ची पिन आरामात गेली. पितळ मऊ असतं, तार घालून दोनदा फिरवली की झालं. व्यासात फरक सहावा हिस्सा वाटतो, पण क्षेत्रफळात तो 36 टक्के. स्लोवरची हवेची गळती रस्त्यावर, चकती उघडल्यावर, नगण्य होते. पण वाढवलेलं पेट्रोल तसंच वाहत राहतं. त्याचाच तवंदी घाटातला काळा धूर, त्याचेच काळे प्लग, त्याचेच लिटरला नऊ. गाडी स्लोवर उपाशी आणि रस्त्यावर अजीर्ण झालेली, आणि दुसऱ्या दुखण्याला कारण पहिल्याचं औषध.

आणि किटने यातलं काय दुरुस्त केलं? काहीच नाही, कारण किटमध्ये गॅस्केट असतात, पंपाचा डायफ्राम असतो, सुई आणि तिची सीट असते, दांडा नसतो. असला तरी उपयोग नाही, नवा दांडा त्याच अंडाकृती भोकात बसणार. मला या प्रकरणात गॅरेजवाल्याचा राग येत नाही. त्याच्याकडे लेथ नाही, भोक अचूक मापाचं करणारा रीमर नाही, आणि 800 रुपये मजुरीत कोणी डायल गेज लावत नाही.

12,050चा हिशेब

आधी सुटे भाग काढून घ्यायला दुसरा कार्ब्युरेटर शोधावा लागला. नानांच्या कार्ब्युरेटरचे जेट बिघडवलेले, मॅनिफोल्डवर बसणाऱ्या तळाच्या पट्टीचा एक कान बोल्ट जास्त आवळल्याने तडकलेला. हा मिश्रधातू 390 अंशांच्या आतच वितळतो, त्यामुळे गॅसने ब्रेझिंग करायला जाल तर कान जोडण्याऐवजी हातात थेंब येईल. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एका ओळखीच्या माणसाने याच नंबरचा भंगारातला कार्ब्युरेटर शोधला. 1,800 रुपये, कुरिअर धरून. त्याचं वरचं झाकण गंजलेलं, फ्लोट (पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी राखणारा डबा) फुटका, पण तळाची बॉडी अखंड आणि जेटना कोणी तार लावलेली नाही. झाकण, फ्लोट आणि पंपाची लिव्हर नानांची. बॉडी आणि जेट कुर्ल्याचे. एवढी सरमिसळ झाल्यावर याला मूळ कार्ब्युरेटर म्हणायचं का, असं नानांच्या मुलाने विचारलं. माझ्या मते म्हणायचं. त्याच कारखान्याचा, त्याच नंबरचा, त्याच गाडीसाठी बनलेला भाग आहे.

सफाई 600. अल्ट्रासॉनिक टाकी गॅरेजमध्ये नसते, पण उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांकडे असते. बेळगावचं हे भाग्य आहे आणि इथल्याच गाडीवाल्यांना ते माहीत नसतं. या गावात हायड्रॉलिकवाले मायक्रॉनात काम करतात, फाउंड्री आहेत, रीमिंग-होनिंग करणारे आहेत. कार्ब्युरेटरच्या दांड्याची अडचण त्यांच्यासाठी खेळ आहे. पण मिस्त्री लेथवाल्याकडे जात नाही आणि लेथवाल्याला कार्ब्युरेटर काय ते ठाऊक नाही. मधला निरोप पोहोचवणारं कोणी नाही म्हणून लोक बेंगळुरूला पाठवतात. नानांनी तिथेही विचारलं होतं: 18,000, वर कुरिअर.

बुश आणि दांडा, 3,600, कारण कुर्ल्याच्या बॉडीतही दांड्याच्या भोकाला बुश नव्हता. बिलातली सगळ्यात मोठी रक्कम, आणि नाना सगळ्यात जास्त भांडले तेही यावरच. "गनमेटलचा तुकडा केवढ्याचा?" गनमेटल आणि दांड्याची सळी मिळून दीडशे रुपयांची. दोन बुश टर्न करणं, दांडा टर्न करून त्यात चकतीसाठी खाच आणि स्क्रूची भोकं पाडणं, 1,050. रीमिंग आणि फिटिंग 800. उरलेले 1,600 फिक्स्चरचे.

फिक्स्चर कशाला, हे अण्णांनी, म्हणजे आमच्या टर्नरने, नानांना उभं करून दाखवलं. बॉडी वेडीवाकडी, धरायला सरळ बाजू एकच, तळाची. दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत आणि एकाच दमात रीम झाली पाहिजेत. एक बाजू करून बॉडी उलटी धरून दुसरी केली तर केसभर तिरकं जातं, आणि तिरक्या बुशमध्ये दांडा अडकतो. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी धावत राहिली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून एका जाड पट्टीवर पिना बसवून बॉडीला अचूक जागी बसवणारं बैठं बनवलं. मग भोक मोठं केलं, बुश घातले. ते ठोकून बसवायचे नाहीत, बॉडी तडकते. हाताने जाईल एवढी फिट ठेवून लॉकटाईटने, म्हणजे धातू पकडून ठेवणाऱ्या गोंदाने, धरायचे. आतल्या टोकाला बुश घशात डोकावत असेल तर तो घशाच्या गोलाईने घासायचा. शेवटी दोन्ही बुशमधून एकच रीमर आरपार. दांडा आणि बुशमधली मोकळीक आता तीन शतांश मिलीमीटर.

मग चकती. तिच्या कडा तिरक्या कापलेल्या असतात, कारण बंद असताना ती आडवी नसते, किंचित कलती असते. उलटी बसवली तर कधीच पूर्ण बंद होत नाही. अण्णांनी दोन्ही स्क्रू सैल ठेवून चकती बंद केली, बॉडी खिडकीकडे धरली आणि एक डोळा मिटून आतून पाहिलं. डाव्या कडेला प्रकाशाची नखाएवढी कोर दिसत होती. बोटाने चकती किंचित सरकवली, परत पाहिलं, कोर गेली, तेव्हा स्क्रू आवळले. हे स्क्रू कारखान्यात मागून ठोकून पसरवलेले असतात. सुटले तर थेट सिलिंडरमध्ये जातात, म्हणून तिथेही लॉकटाईट. हे सगळं पाहिल्यावर नानांनी 1,600वरचं भांडण सोडलं, 1,050वर मात्र थोडं चालू ठेवलं.

बाकीचं पटकन सांगतो. तळ आणि झाकण सरफेस प्लेटवर बारीक पॉलिश पेपर ठेवून सपाट केले, 500. लिव्हर आणि स्क्रूंना जस्ताचं पिवळं प्लेटिंग, तेही 500. वजनाने हे काम वीस रुपयांचं सुद्धा नव्हतं, पण प्लेटिंगवाला किमान एका घाण्याचे पैसे घेतो आणि ते त्याचं बरोबर आहे. डायफ्राम, सुई, गॅस्केट मिळून 1,100. एक जादा मेन जेट 450, त्याचं कारण पुढे येतं. चाचांची जुळणी आणि ट्युनिंग 3,500.

चाचांच्या रकमेवर कोणी बोललं नाही. खरं तर मूळ कार्ब्युरेटर सुधारण्याची किंमत इथे असते: सुट्या भागांत थोडी, मशीनच्या सेटिंगमध्ये बरीच, आणि काय झालंय ते ओळखणाऱ्या माणसात सगळ्यात जास्त. फ्लोटचंच घ्या. पितळी फ्लोट त्यांनी गरम पाण्यात बुडवून धरला. आतली हवा तापून पसरते आणि भोक असेल तर बुडबुडे येतात. एक बारीक बुडबुडा आला. टाक्याचा थेंब लावला, मग कानस लावून तो जवळजवळ सगळा काढला. विचारल्यावर म्हणाले, थेंबाचं वजन राहिलं तर फ्लोट खोल बसतो, वाटीत पेट्रोलची पातळी चढते, आणि पुन्हा काळा धूर. या कामाची बिलात वेगळी ओळ नाही.

ऊस, उंची आणि एक जेट

जुळणी झाल्यावर कुर्ल्याचा 120चा जेट घालून गाडी चालू केली. स्लो घड्याळासारखा. व्हॅक्यूम गेज (इंजिनाची ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजणारा) लावला तर काटा 17 इंचांवर स्थिर; आधी तो 12 ते 14च्या मध्ये हेलकावत होता. पुस्तकात 18 ते 21 लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे आणि दर हजार फुटांना इंचभर वजा करावा लागतो, म्हणजे 17 उत्तम. ही वजाबाकी माहीत नसलेला माणूस निरोगी इंजिनाचे व्हॉल्व्ह काढायला निघतो.

रस्त्यावर मात्र वंटमुरीच्या चढाला गाडी थोडी कोरडी वाटली. ॲक्सिलरेटर अर्धा दाबून धरला की हलके झटके. कारण पेट्रोलमध्ये होतं. 2023च्या फेब्रुवारीपासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल निवडक पंपांवर येऊ लागलं आणि 2025पर्यंत ते देशभर पसरलं. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाच्या साधारण 14.7 पट हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने या मिश्रणाला त्याहून कमी, साडेतेराच्या आसपास. म्हणजे 1971च्या जेटमधून 1971एवढंच पेट्रोल आलं तरी आज ते कमी पडतं. उंचीवरची विरळ हवा उलट दिशेने काम करते, मिश्रण थोडं घट्ट करते, पण सगळी कसर भरून काढत नाही. चाचांनी 125चा जेट घालायला सांगितला: व्यास चार टक्के जास्त, क्षेत्रफळ आठ-नऊ टक्के. हाच तो 450चा जुन्या स्टॉकमधला जेट. झटके गेले. तारेने वाढवलेले 36 टक्के आणि मोजून वाढवलेले आठ-नऊ टक्के, दोन्हींचा हेतू एकच होता.

नानांच्या घरची शेती आहे, ऊस कारखान्याला जातो. संकेश्वरपासून अथणीपर्यंत हा सगळा पट्टा उसाचा, आणि इथेनॉल या उसापासूनही होतं. "म्हणजे आमचाच ऊस आमच्याच फियाटला बाधतोय म्हण की." तसं थोडंसं आहेच. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतो. आठवडाभर चाललेल्या गाडीला त्याचं काही नाही, पण जूनमध्ये झाकून ठेवलेली गाडी दसऱ्याला काढली तर वाटीच्या तळाशी पाणी साचलेलं आणि जस्तावर पांढरी भुकटी धरलेली सापडते. मग ती भुकटी पायलट जेटमध्ये. म्हणून चाचांनी डायफ्राम आणि सुईचं टोक इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं घेतलं (त्या 1,100मध्ये तीनशे त्याचे जास्तीचे), आणि नानांना सांगितलं की पावसाळ्यात गाडी उभी करायची तर कार्ब्युरेटरला येणारं पेट्रोल बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. वाटी कोरडी राहिली की निम्मा त्रास टळतो.

एवढं करून मिळालं काय

ॲव्हरेज आता लिटरला बारा. नाना वर्षाला हजारेक किलोमीटर गाडी चालवतात. नऊच्या हिशेबाने 111 लिटर, बाराच्या हिशेबाने 83. वाचले 28 लिटर, म्हणजे तीनेक हजार रुपये. 12,050 वसूल व्हायला चार वर्षं. नुसत्या पैशाकडे पाहून कोणी हे काम करणार नाही आणि करूही नये.

मुलाचा आग्रह होता की गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवावी. जुलै 2021च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपातली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी ‘व्हीए’ मालिकेत जाते. नव्या नोंदणीचे 20,000 रुपये, दहा वर्षांची मुदत. नियमात कार्ब्युरेटरचं नाव नाही, पण तारेने बांधलेला डुप्लिकेट बॉनेट उघडल्यावर दिसतो आणि पाहणाऱ्याला तेवढं पुरतं. नानांनी नियम पूर्ण वाचला आणि बेत रद्द केला. व्हीए गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. नानांना दर महिन्याला कोल्हापूरला अंबाबाईला जायचं असतं, तेही याच गाडीने. चाळीस किलोमीटरसाठी रॅलीची सबब कोण शोधत बसणार?

फिक्स्चरचे पैसे

यानंतर कॉस्टिंगवाल्याचा खरा आनंद सुरू झाला. फिक्स्चर तयार होतं आणि ते फेकण्याची गोष्ट नव्हती. नानांच्या ओळखीतून याच जातीच्या सोलेक्सचे आणखी तीन मालक निघाले: खानापूरची एक पद्मिनी, चिकोडीची एक, आणि बेळगावातच शहापूरला एक डिलाईट. तिघांचे कार्ब्युरेटर एकाच दिवशी घेतले. दांडे एका सेटिंगवर टर्न झाले, तेव्हा टर्निंग 1,050वरून 850वर आलं. रीमिंग 800चं 650. माल तेच दीडशे. फिक्स्चर सोडून प्रत्येकी 1,650. प्लेटिंगचे 500 तिघांत वाटले गेले, प्लेटिंगवाल्याने तीन कार्ब्युरेटरची लिव्हरं एकाच घाण्यात बुडवली. चाचांनी मात्र दर कमी केला नाही. कार्ब्युरेटर एकदम आले तरी ऐकायची इंजिनं वेगवेगळी तीन होती, त्यात घाऊक काही नव्हतं.

फिक्स्चरचे 1,600 नानांनी एकट्याने भरले होते. चौघांत वाटले तर प्रत्येकी 400, म्हणजे तिघांकडून नानांना 1,200 परत यायला हवेत. खानापूर आणि शहापूरवाल्यांनी लगेच दिले. चिकोडीवाले म्हणतात गाडी आधी घाट चढू दे, मग देतो. नाना त्यांना तवंदीला घेऊन जाणार आहेत, आणि पेट्रोलही त्यांनाच भरायला लावणार आहेत.